मांड, मंच आणि राजांगण : एका घुमट उत्सवाचे प्रकरण

अंत्रुज महालातल्या, म्हणजे गोव्याच्या आजच्या फोंडा तालुक्यातल्या, एका गावात आम्ही गेल्या श्रावणात दोन दिवसांचा वारसा उत्सव भरवला. मी त्या गावचा रहिवासी आहे. दिवसा शाळेत संगीत शिकवतो आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, पथकात घुमट वाजवतो. उत्सवाची कल्पना माझी होती, निमंत्रक म्हणून सह्या माझ्या होत्या आणि ज्या चुका झाल्या त्यांतल्या दोन मोठ्या चुकाही माझ्याच निर्णयांतून झाल्या. गावच्या कलाकारानेच गावच्या कलांचा उत्सव भरवायला घेतला की कोणती कामे सोपी होतात आणि कोणती नेमकी त्याच्याचसाठी अवघड होतात, हे असे काम हाती घेणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण त्यांतल्या कित्येकांनी आपली मते विश्वासाने माझ्याजवळ बोलून दाखवली होती.

घुमट दिसायला साधे वाद्य आहे. पोटात फुगीर असे मातीचे मडके, दोन्ही बाजूंनी उघडे; रुंद तोंडावर कातडे ताणून बसवलेले आणि अरुंद तोंड मोकळे. वादक ते दोरीने गळ्यात अडकवतो, उजव्या हाताने कातड्यावर बोल काढतो आणि डाव्या तळव्याने मोकळे तोंड झाकत-उघडत आतल्या हवेला वळण देतो. घुमटाचा घुमारा या डाव्या हातात असतो, आणि शिकायला वर्षे लागतात तीही याच हाताला. सोबतीला दोन बारीक काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि काशाचे झांजेसारखे कासाळे असतात. चवथीला माटोळीखाली, म्हणजे फळे-पाने बांधून वर टांगलेल्या चौकटीखाली, बसलेल्या गणपतीपुढे घरोघरी ज्या आरत्या होतात त्या या वाद्यांवर होतात. आमची घरची बोली कोकणी आहे, पण आरती मराठी. ज्यांना मराठी लिहिता येत नाही अशा म्हाताऱ्यांनाही नामदेव-एकनाथ-रामदासांच्या आरत्या तोंडपाठ असतात. हेच घुमट ख्रिस्ती घरांत व्हायोलिनच्या जोडीने मांडो या कोकणी गीतप्रकाराला साथ करते. गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले, तेव्हा आमच्या वाड्यावर आनंद झाला होता. मात्र घोषणेने वाद्याचा मान वाढला तरी ते वाजवणारा हात तयार होत नाही, ही काळजी जुन्या वादकांनी त्याच संध्याकाळी बोलून दाखवली होती.

उत्सवाचे निमित्त तसे दुःखाचे होते. आमच्या पथकातले सर्वांत जुने घुमटकार वारले आणि त्यांच्याबरोबर एका आरतीची चाल गेली. तिचे शब्द आम्हा सर्वांकडे आहेत. सुरुवातीचा संथ भाग कसा उचलायचा आणि तिसऱ्या कडव्यानंतर ठेका कुठे मोडून दुसरा धरायचा, हे मात्र फक्त त्यांनाच पूर्ण येत होते. मी सुमारे वीस वर्षे त्यांच्या उजव्या हाताला बसून वाजवले, आणि ते पुढे चालले आहेत म्हणून कधी वेगळे विचारून घेतले नाही. त्या वर्षी चवथीला ती आरती आम्ही सुरू केली, तिसऱ्या कडव्यापाशी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, आणि दुसऱ्या आरतीवर गेलो. उत्सव करावा असे मला वाटले ते त्या क्षणी.

त्यामुळे हेतू सुरुवातीपासून स्पष्ट होता: गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतल्या जुन्या चाली, ठेके आणि ते जाणणारी माणसे एकत्र आणावीत, आणि शिकणाऱ्या मुलामुलींना त्यांच्या शेजारी बसवावे. पुढे जे बिघडले ते या हेतूवरून नजर ढळली तेव्हा बिघडले.

समिती, मुहूर्त आणि कातडे

पहिली बैठक देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या उतरण्याच्या इमारतीत, झाली. अकरा जणांची समिती ठरली. तीत देवस्थान समितीचे एक सदस्य, दोन भजनी मंडळांचे प्रमुख, महिला मंडळाच्या तिघी, खालच्या वाड्यावरचे मांडो गाणारे एक ख्रिस्ती गृहस्थ आणि उरलेले आम्ही वादक होतो. नोंदणीकृत संस्था नसल्यामुळे सरकारी अनुदानासाठी स्वतंत्र अर्ज करणे आम्हाला शक्य नव्हते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या एका भजनी मंडळाने आपले नाव आणि बँक खाते दिले, म्हणून व्यवहार रीतसर झाला. हे काम आधी करून ठेवावे. उत्सवाच्या तोंडावर वर्गणीचे पैसे कोणाच्या तरी खाजगी खात्यात जमा होऊ लागले, की माणूस कितीही सचोटीचा असला तरी कुजबूज सुरू होते.

मुहूर्ताचा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा निघाला. श्रावणात पथकांच्या तालमी सुरू असतात, हात मोकळे झालेले असतात, चाकरीनिमित्त मुंबई-पुण्याला असलेले लोक मात्र चवथीच्या जवळच येतात. मार्गशीर्ष ते माघ हे जत्रांचे आणि पौषातल्या धालोंचे, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचांचे, दिवस. तेव्हा कोणालाच सवड नसते. म्हणून श्रावणातला शेवटचा शनिवार-रविवार धरला. पण श्रावणात हवेला ओल असते आणि घुमटाचे कातडे ओल धरते. कातडे सैल पडले की बोल बसका येतो. नवे कातडे चढवण्याचे काम पावसाआधीच, कडक उन्हात व्हावे लागते. म्हणजे उत्सव श्रावणात असला तरी त्याचा पहिला कार्यक्रम मे महिन्यातच घेणे भाग होते.

तो घेतला, आणि माझ्या मते सबंध उपक्रमातला तो सर्वांत मोलाचा दिवस ठरला. डिचोलीकडचे एक वयस्क कुंभार पंधरा मडकी घेऊन आले. मडके निवडताना ते आधी कानाशी धरून बोटाच्या पेराने टिचकी मारत. आवाज लांबला तर भाजणी पक्की, तुटका आला तर कुठेतरी बारीक तडा. बकऱ्याचे कातडे रात्रभर भिजत घातलेले होते. ते मडक्याच्या रुंद तोंडावर पसरून काठाखाली सुतळीचे वेढे देत, एका बाजूने ओढ दिली की समोरच्या बाजूने तेवढीच ओढ देत, ते दोघा मुलांकडून ताणून घेत होते. एका मुलीने एकाच बाजूने जोर लावला आणि कातडे तिरके बसले. त्यांनी न रागावता सगळी सुतळी सोडली, कातडे पुन्हा पाण्यात बुडवले आणि तिलाच पहिल्यापासून बांधायला लावले. दुपारनंतर अंगणात पंधरा घुमटे उन्हाकडे तोंड करून ओळीने ठेवली, आणि सूर्य सरकेल तशी मुले ती फिरवत राहिली.

त्याच दिवशी घोरपडीचा विषय निघाला. पूर्वी घुमटावर घोरपडीचे कातडे असे. ते पातळ आणि लवचिक, त्याचा नाद तीक्ष्ण. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि तिची शिकारच नव्हे तर तिच्या अवयवांपासून केलेली वस्तू बाळगणे हाही गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे. तरीही ‘बकऱ्याच्या कातड्याला तो आवाज नाही’ असे म्हणणारे प्रत्येक गावात भेटतात. आम्ही पत्रकातच लिहिले की उत्सवात फक्त बकऱ्याच्या कातड्याची घुमटे वाजतील. एका जुन्या वादकाला ही अट अपमानाची वाटली. कुंभारबाबांनी त्यांना बकऱ्याचे कातडे आतून खरवडून किती पातळ करता येते ते दाखवले आणि दोन वेगवेगळ्या जाडीची घुमटे शेजारी ठेवून वाजवायला दिली. पातळ कातड्याचा बोल ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी तेच घुमट मागून घेतले. कायद्याचे कलम वाचून दाखवून हे झाले नसते.

धालोंचा नकार

जूनमध्ये महिला मंडळाकडे मी एक प्रस्ताव नेला. पौषातल्या चांदण्या रात्रींत मांडावर धालो होतात: बायका समोरासमोर दोन रांगा करतात, एकमेकींच्या कमरेभोवती हात गुंफतात आणि गाण्याच्या लयीत पुढे-मागे सरकतात. त्या गाण्यांत गावची सारी रोपे-झाडे, देवता, नातीगोती येतात. उत्सवात त्यांचे वीस मिनिटांचे सादरीकरण व्हावे, असे मी सुचवले. मला ते सन्मानाचे वाटत होते.

मंडळातल्या सर्वांत वडील आजींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बाबा, धालो आम्ही नाचत नाही. धालो मांडावर उतरतात. मांड सोडून ते कुठे न्यायचे?” मांड म्हणजे मोकळी जागा एवढेच माझ्या मनात होते. त्यांच्या लेखी मांड जागृत असतो. तो सारवून, दिवा लावून, नमन घालून उघडायचा असतो आणि शेवटच्या रात्री रीतीने मिटायचा असतो. श्रावणात, पताकांच्या मंचावर, पुरुषांच्या गर्दीसमोर, ध्वनिक्षेपकावरून धालो करणे त्यांना चालणार नव्हते. तिघींपैकी सर्वांत तरुण सदस्या मंचावर यायला तयार होत्या, कारण इतरत्र असे कार्यक्रम होतात हे त्यांनी पाहिले होते. त्यामुळे हा वाद माझा आणि मंडळाचा न राहता मंडळाच्या आतला झाला.

मी तो प्रस्ताव मागे घेतला. २००३ सालच्या युनेस्कोच्या अमूर्त वारसा करारात, ज्यात भारत २००५ मध्ये सामील झाला, वारसा कोणता हे तो जपणाऱ्या समूहाने स्वतः मानलेले असावे, असे तत्त्व आहे. मी ते आधी वाचलेले होते आणि तरीही कार्यक्रमपत्रिका आखताना ‘काय दाखवता येईल’ याच प्रश्नाने सुरुवात केली होती. मंडळाने अखेर एक मधला मार्ग काढला. फुगड्या अंगणात करायच्या, कारण त्या अंगणातल्याच आहेत. आणि धालोंची काही गाणी आजी घरात बसून मुलींना शिकवतील. तिथे भ्रमणध्वनीवर चित्रीकरण होणार नाही, ही त्यांची एकमेव अट होती.

स्पर्धेचा निर्णय

पहिली मोठी चूक इथे झाली. खर्चाचा अंदाज वर्गणीच्या आवाक्याबाहेर जात होता. एका देणगीदाराने मंडप आणि ध्वनियंत्रणेचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. अपेक्षा एवढीच की पहिल्या दिवशी घुमट आरतीची स्पर्धा व्हावी आणि बक्षीस समारंभ व्हावा. गोव्यात अशा स्पर्धा नव्या नाहीत. त्यांच्यामुळे पथके वाढली, तरुण मुले टिकली, महिलांची आणि बालकांची स्वतंत्र पथके उभी राहिली, आणि हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु स्पर्धेचे घड्याळ असते. ठरलेल्या मिनिटांत बसावे म्हणून संथ भाग आखूड होतो, लय लवकर चढते, एकसारखे पोशाख आणि एकसारख्या हालचालींना गुण मिळतात, आणि ज्या चाली सावकाश उलगडतात त्या हळूहळू कोणी बसवतच नाही. ज्या आरतीच्या आठवणीने हा उत्सव सुरू झाला ती नेमकी तशीच आरती होती. हे सगळे मला माहीत असूनही मी होकार दिला. बैठकीत विरोध करणारे दोघे होते, आणि मी त्यांना ‘एकच दिवस आहे’ असे म्हणून गप्प केले.

दुसरी चूक त्याला लागूनच होती. उद्घाटनाची आरती कोणी करायची हे ठरवताना मी आमच्याच वाड्याचे पथक पुढे केले. आम्ही स्पर्धेत नव्हतो, त्यामुळे त्यात गैर काही मला दिसले नाही. पण आमच्याकडे देवळात दिवजेपासून, म्हणजे बायकांच्या दिव्यांच्या मिरवणुकीपासून, पालखीपर्यंत प्रत्येक गोष्टीला मानाचा क्रम असतो आणि तो क्रम कोणाचा आधी, कोणाचा नंतर, यावर पिढ्यान्‌पिढ्या मने जुळलेली किंवा दुखावलेली असतात. उत्सव नवा असला तरी लोक त्याच्याकडे त्याच डोळ्यांनी पाहतात. निमंत्रकाच्या वाड्याला पहिला मान मिळाला, असा त्याचा अर्थ झाला. खालच्या वाड्याच्या पथकाने येणार असे कळवले होते; उद्घाटनाची पत्रिका छापून घरोघरी गेल्यावर त्यांनी निरोप धाडला की त्यांच्यातले तिघे आजारी आहेत. पुढे मी त्यांच्या घरी जाऊन बसलो, चहा झाला, आणि उठताना त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी एवढेच सांगितले की चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी चालले असते. बाहेरच्या आयोजकाकडून हे झाले असते तर अज्ञान म्हणून सोडून दिले गेले असते. माझ्या बाबतीत तो पक्षपात ठरला, आणि तसे मानणाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही.

दहाची वेळ आणि ध्वनिक्षेपक

परवानग्यांविषयी थोडक्यात लिहितो. पंचायतीचा ना-हरकत दाखला, पोलीस ठाण्याला सूचना आणि ध्वनिवर्धकाची परवानगी, हे सर्व महिनाभर आधी मागितल्यास मिळते. मात्र २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांबद्दल कलाकारांमध्ये एक गैरसमज पक्का बसलेला आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतली मनाई फक्त ध्वनिवर्धकाला आहे, असे बहुतेक जण समजतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर उघड्यावर वाजणारी वाद्येही त्या मनाईत येतात. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण वर्षात एकंदर पंधराच दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. म्हणून आम्ही दोन्ही दिवस साडेनऊला थांबायचे ठरवले. रात्रभर चालणाऱ्या परंपरेला ही वेळ जाचक वाटते हे खरे आहे. पण गावात आजारी माणसे असतात, परीक्षेची मुले असतात, आणि मला स्वतःला हा नियम योग्य वाटतो.

ध्वनियंत्रणेचा धडा वेगळाच होता. भाड्याने आणलेल्या यंत्रणेच्या तंत्रज्ञाने तबल्याला लावतात तसा ध्वनिक्षेपक (माईक) घुमटाच्या कातड्यासमोर लावला. समोरच्या खुर्च्यांत फक्त टपटप ऐकू येऊ लागली. घुमारा मोकळ्या तोंडातून बाहेर पडतो आणि ते तोंड वादकाच्या डाव्या हाताखाली, मागच्या बाजूला असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दुसरा ध्वनिक्षेपक त्या तोंडाच्या अगदी जवळ नेला तर आवाज फाटून कर्णा शिट्टी घालू लागला. वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरून, खालचे स्वर थोडे उतरवल्यावर कुठे घुमटासारखे घुमट ऐकू आले. यात तासभर गेला. हे आदल्या दिवशी करायचे काम होते, आणि पथकातल्या एका माणसाने तंत्रज्ञाशेजारी बसून करायचे होते.

शनिवार

मंडपात चारशे खुर्च्या होत्या आणि पाचपर्यंत त्या भरल्या. आठ पथकांना प्रत्येकी वीस मिनिटे होती. पहिली पथके तरुणांची होती. तयारी उत्तम, लय चढती, टाळ्या भरपूर. मुलींच्या एका पथकाने चंद्रावळ, म्हणजे घुमटाच्या साथीने म्हणायचे एक गीत, म्हटली तेव्हा मागे उभे राहिलेले पुरुषही ठेका धरू लागले. सहावे पथक शेजारच्या गावातल्या वयस्कांचे होते, सगळेच साठीच्या पुढचे. त्यांना आणण्यासाठी मी तीन वेळा त्यांच्याकडे गेलो होतो, कारण आम्ही हरवलेल्या आरतीशी मिळतीजुळती चाल त्यांच्याकडे असल्याचे कानावर आले होते.

त्यांनी ती आरती धरली. सुरुवात इतकी संथ होती की मंडपात चुळबूळ सुरू झाली. दोन कडवी झाली, गायकांनी एकमेकांकडे पाहिले, शामेळाने एक पाऊल मागे घेतल्यासारखा अवकाश सोडला, आणि ठेका कुठे बदलतो ते आता कळणार म्हणून मी पुढे सरसावलो, त्याच वेळी सूचनेची घंटा वाजली. पाठोपाठ दुसरी. मुख्य वादकांनी हात थांबवला. घाई केली नाही, नाराजी दाखवली नाही. घुमट गळ्यातून काढले, दोन्ही हातांनी मंचावर उभे ठेवले, गणपतीच्या तसबिरीला नमस्कार केला आणि खाली उतरले. त्यांच्या मागोमाग सगळे उतरले. घंटा वाजवणाऱ्या मुलाचा यात काहीही दोष नव्हता. त्याला वीस मिनिटांचा नियम मीच लिहून दिला होता.

बक्षीस समारंभ झाला. त्यात मी काय बोललो ते मला आठवत नाही. रात्री दहानंतर आम्ही चौघे त्या वयस्क वादकांच्या घरी गेलो. क्षमा मागितली. त्यांनी ती लगेच स्वीकारली आणि वर समजूत घातली की मंचावर असे व्हायचेच. मग त्यांनीच विचारले, “उद्या घरांत फिरणार म्हणता ते खरे ना? मग उद्या म्हणू.”

रविवार

रविवारचा कार्यक्रम पत्रिकेत सर्वांत खाली, बारीक अक्षरांत छापला होता: ‘घरोघरी आरती व वाद्यदर्शन, सकाळी नऊपासून’. खुर्च्या नाहीत, मंच नाही, निवेदक नाही, घंटा नाही. सहा घरे ठरवली होती. त्यांतली चार जुन्या बांधणीची, मधोमध चौसोपी राजांगण असलेली, एक कुंभारवाड्यावरचे, आणि एक खालच्या वाड्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबाचे. प्रत्येक घरी दोन पथके, आणि त्यांच्या मधोमध जमिनीवर मे महिन्यातल्या कार्यशाळेची मुले आपापली घुमटे घेऊन बसलेली.

आदल्या रात्री मोठी सर आली होती आणि कातडी उतरली होती. पहिल्या घरच्या आजींनी चुलीतले निखारे एका घमेल्यात काढून दिले. सगळे वादक त्याभोवती बसून घुमटे शेकू लागले. हात पोहोचेल एवढे अंतर ठेवून फिरवायचे, जवळ नेले की कातडे तडकते. कोणी न सांगता ती अर्ध्या तासाची शिकवणी झाली. जुने वादक मुलांच्या घुमटावर बोट मारून ‘अजून’, ‘अजून’, ‘आता पुरे’ असे सांगत होते, आणि मुलांचे कान हळूहळू तो फरक ओळखू लागले होते. ध्वनिवर्धकासमोर कातडे सैल की घट्ट हे यंत्रावर भागवून नेता येते. राजांगणात तसे भागत नाही.

दुसऱ्या घरी ती आरती झाली. चार भिंतींनी वेढलेल्या, वरून उघड्या अंगणात घुमटाचा आवाज मोठा होत नाही, भरीव होतो. भिंतींवरून परतून येतो आणि पुढच्या बोलाला टेकू देतो. संथ भागातले अवकाश रिकामे का नसतात हे मला त्या दिवशी कळले: त्या अवकाशात मागचा बोल अजून वाजत असतो. मंडपात तो मोकळ्या रानात विरून जात होता, म्हणून लोकांना ते नुसते थांबणे वाटले. तिसऱ्या कडव्यानंतर मुख्य गायकांनी शेवटचे अक्षर एका मात्रेने लांबवले, शामेळ गप्प झाले, एकट्या घुमटाने डाव्या हाताचे दोन बोल दिले आणि ठेका बदलला. एवढेच होते. गेल्या चवथीला आम्ही ज्या जागी थांबलो होतो ती जागा दोन बोलांची होती. आरती पस्तीस मिनिटे चालली आणि कोणी उठले नाही.

ख्रिस्ती घरी बाल्कांवात, म्हणजे दर्शनी ओसरीत, बसून मांडो झाले. एक व्हायोलिन, एक घुमट आणि चार आवाज. शिवोली गावच्या झागर या लोकोत्सवात दोन्ही धर्मांचे लोक एकत्र येतात हे सर्वांना ठाऊक आहे, पण आमच्या गावात या घरचे घुमट आणि आमचे घुमट एका बैठकीत यापूर्वी कधी वाजल्याचे कोणाला आठवत नव्हते. त्यांची पकड निराळी होती, बोल मऊ होते. आमच्या मुलांनी त्यांना डाव्या हाताचा उपयोग विचारला आणि घरच्या मालकांनी तो तिघांना एकेक करून दाखवला. दुपारी याच घरी खालच्या वाड्याचे ते ‘आजारी’ तिघे येऊन पोहोचले. कोणी काही विचारले नाही. मी माझे घुमट त्यांच्यातल्या थोरल्यांच्या हातात दिले आणि उरलेल्या दिवसात वाजवले नाही.

हिशेब आणि पुढचे

उत्सवाचा एकूण खर्च दोन लाखांच्या आत राहिला. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा शनिवारच्या मंडप, ध्वनियंत्रणा, करंडक आणि छपाईवर गेला. रविवारचा खर्च म्हणजे सहा घरची जेवणे, पथकांची प्रवासभाडी आणि मानधन. मानधनाबाबत एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. चवथीला पथक घरी येते तेव्हा पैसे घेत नाही. विडा-नारळ आणि नेवऱ्या (करंज्या) घेते, आणि ते योग्यच आहे. पण निमंत्रित म्हणून बोलावल्यावर तेच मोडके कारण पुढे करून कलाकाराला रिकाम्या हाताने पाठवणे मला मान्य नाही. आम्ही सर्व पथकांना एकसारखी रक्कम पाकिटात दिली, कुंभारांना मडक्यांची किंमत आणि शिकवण्याचे वेगळे पैसे दिले, आणि सगळा जमाखर्च अग्रशाळेच्या फलकावर आठ दिवस लावून ठेवला. त्यावर एकही शंका आली नाही.

त्या आरतीचे ध्वनिमुद्रण वयस्क पथकाच्या परवानगीने केले. एक प्रत त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, एक शाळेत आहे. ती इतरत्र प्रसारित करायची नाही असे त्यांनी सांगितले आणि आम्ही ते लिहून दिले. परंतु आमचे पथक ती चाल मुद्रणावरून न बसवता दर रविवारी त्यांच्या गावी जाऊन बसवत आहे, कारण डाव्या हाताचे ते दोन बोल ऐकून कळतात, पण बसतात मात्र शेजारी बसून. कार्यशाळेतल्या पंधरांपैकी नऊ मुले अजून येतात, त्यांत पाच मुली आहेत.

पुढच्या वर्षी स्पर्धा नाही, हे समितीने एकमताने ठरवले आहे. देणगीदारांना तसे भेटून सांगितले; त्यांनी मंडपाऐवजी मडक्यांचा आणि कातड्यांचा खर्च देण्याची तयारी दाखवली, हे त्यांचे मोठेपण आहे. पथकांचा क्रम देवळात सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकून लागेल आणि निमंत्रकाचे पथक सर्वांत शेवटी वाजवेल. एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. महिला मंडळातल्या तरुण सदस्यांना पौषातल्या मांडावर बाहेरच्या अभ्यासू स्त्रियांना बोलवावे असे वाटते, आजींना ते अजून पटलेले नाही, आणि पुरुषांनी यात बोलू नये हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. त्यांचा निर्णय होईपर्यंत पत्रिका छापायला द्यायची नाही, असे तूर्त ठरले आहे.